दुहेरी शिवलेली पट्टी

सुखदेव वानखडे गेला, ही बातमी माझ्यापर्यंत तर्कशास्त्राच्या तासाला आली. अकोल्याच्या आमच्या कॉलेजातला शिपाई वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, अमरावतीचा ट्रंककॉल हाये." तास चालू असताना कुणी बोलावलेलं मला खपत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी तो हलला नाही, तेव्हा मी खडू ठेवला आणि फोनपाशी गेलो. शिक्षण खात्याच्या कचेरीतले कुणी गृहस्थ बोलत होते. धारणीला वानखडे साहेबांना हिवताप झाला, तो डोक्यात गेला, नाल्याला पूर असल्यामुळे जीप अलीकडेच अडकून पडली... "फार प्रयत्न केले हो," असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मी वर्गात परत गेलो. फळ्यावर अर्धवट राहिलेलं अनुमान पुरं केलं, कारण काम अर्ध्यावर टाकणाऱ्याला सुखदेव जी शिवी द्यायचा ती मला त्या क्षणी स्पष्ट ऐकू आली. मग बाहेर येऊन सायकलच्या कुलपाला किल्ली लावली, तर ते उघडेना. पाहतो तो किल्ली घरच्या कपाटाची! तिथेच, पोरांच्या देखत, सायकलचं हँडल धरून मी रडलो.

त्यानंतर आठवडाभर लोक भेटायला येत होते. मी मुळात तिरसट माणूस, त्यात ती मापात कापलेली वाक्यं. "ईश्वरेच्छा, दुसरं काय!" अहो, ज्याने ईश्वर मानायचं सोडून दिलं होतं त्याच्यावर मेल्यावर तरी ईश्वराची इच्छा कशाला लादता? एका सहकाऱ्याला मी हे तोंडावर म्हणालो. तो बिचारा चहा न घेताच निघून गेला. खरा धक्का दिला तो माझ्या वडिलांनी. वडील अमरावतीचे जुने वकील. आता कोर्टात जात नाहीत, पण उलटतपासणी त्यांच्या जिभेवरून अजून उतरलेली नाही. मी अमरावतीला गेलो, त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "कधी विचारलंस का त्याला?" मी म्हणालो, "नाही." "मग आता राहिलंच ते." "राहू दे." एवढंच बोलणं झालं. कोणता प्रश्न विचारायचा राहिला आणि तो मी का विचारला नाही, हे सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे. सुखदेवचे गुण गाण्यासाठी नाही. गुण गायलेले त्याला आवडायचेच नाहीत.

आमची ओळख अमरावतीच्या एका व्यायामशाळेतली. मी मॅट्रिकच्या वर्गात होतो, तोही; शाळा वेगळ्या. वकिलाच्या घरातलं किडकिडीत पोर जरा धष्टपुष्ट व्हावं म्हणून मला तिथे घातलं होतं. सुखदेवला कुणी घातलं नव्हतं. तो आपला आपण येऊन वस्तादांसमोर उभा राहिला आणि "मले शिकवा" म्हणाला. वस्तादांनी त्याचे खांदे दाबून पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. आजकाल लोक फार भाबडेपणाने लिहितात की आखाड्याच्या मातीत जात नसते. मातीत नव्हती, खरं आहे. माठात होती. सुखदेव घरून स्वतःचा लोटा आणायचा आणि आंघोळीच्या दगडापाशी, सगळ्यांपासून लांब, ठेवायचा. मी एकदा त्या लोट्यातून न विचारता पाणी प्यालो. मनात क्रांती वगैरे काही नव्हती. तहान लागली होती आणि लोटा जवळ होता. सुखदेव माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "महाराज, आता घरी सांगजो नको. तुह्या बापानं इचारलं त तुले खोटं बोलता येनार नाई." आमच्याकडे भटजीला लोक महाराज म्हणतात. मी काही भटजी नव्हतो, पण त्या दिवसापासून मी त्याचा 'महाराज' झालो तो झालोच.

व्यायामशाळेत दर दसऱ्याला प्रात्यक्षिकं व्हायची. लेझीम, मल्लखांब, बनाटी, लाठी आणि शेवटी तलवारीचा खेळ. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकाने उघड्या अंगाने जमिनीवर उताणं झोपायचं, त्याच्या पोटावर काकडी ठेवायची आणि दुसऱ्याने डोळ्यांना पट्टी बांधून तलवारीच्या एका घावात तिचे दोन तुकडे करायचे. पोटावर ओरखडा उठता कामा नये. आमच्याकडची रीत अशी, की तलवारवाल्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची ती खाली झोपणाऱ्यानेच, स्वतःच्या हाताने. पट्टी बांधून तो खाली झोपला, की पातं हाताने धरून एकदा काकडीवर अलगद टेकवून द्यायचा, म्हणजे तलवारवाल्याला अंतर कळायचं. मग झोपणाऱ्याने डोळे मिटायचे, म्हणजे पातं येताना दिसून दचकायला होत नाही. पोट आत ओढायचं, सगळा श्वास बाहेर सोडायचा आणि शेवटच्या श्वासाबरोबर "हां" म्हणायचं. तो "हां" ऐकला की तलवार खाली येणार. त्या वेळी श्वास आत घेतला तर पोट वर येतं आणि मग खेळ खलास.

सुखदेव तलवार घेणार असं वस्तादांनी ठरवलं तेव्हा खाली झोपायला कुणी पुढे होईना. मी झालो. शूर वगैरे मी मुळीच नव्हतो. पण त्याचा हात मी रोज पाहत होतो आणि तो हात थापा मारत नव्हता. पहिल्या सरावाला मी पट्टी जरा सैल बांधली. सगळेच तशी बांधत. नाकाच्या दोन्ही बाजूंनी फट राहते, मान थोडी वर केली की खालचं सगळं दिसतं. प्रेक्षक टाळ्या पिटतात, कुणाचं काही बिघडत नाही. सुखदेवने पट्टी चाचपली आणि तलवार खाली ठेवली.

"काहून बे, हे काय?"

"सगळे अशीच बांधतात."

"मंग सगळ्याइच्या खाली झोप जाऊन. मी लोकायले फसवाले उभा नाई. कसून बांध, नाई त मी तलवार उचलत नाई."

मी चिडलो. म्हणालो, "पोट माझं आहे, लेका! मरायचं मला आहे." यावर तो जे बोलला ते मी पुढे तत्त्वज्ञानाच्या जाडजूड ग्रंथांतही वाचलं नाही. म्हणाला, "तू मरशीन त मरून जाशीन. मले जगा लागन ना! तू मधातच श्वास घेतला त खुनी कोन? मी. मी तुह्या 'हां'च्या भरोशावर हात टाकून राहिलो अन् तुले वाटते का तूच एकला भरोसा ठेवून राहिला." मी पट्टी सोडून घेतली. तोवर मला खरंच वाटत होतं की विश्वास टाकणारा मी आणि तो निभावणारा सुखदेव. दुसऱ्या दिवशी तो घरून नवी पट्टी घेऊन आला. त्याच्या आईने जुन्या लुगड्याच्या काठातून कापून दुहेरी शिवली होती, उजेडाचा कणही आत येऊ नये म्हणून. कशासाठी हवी हे त्या माउलीला सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी ती स्वतःच्या डोळ्यांना बांधून पाहिली. नुसता अंधार. मग त्याला कसून बांधली, खाली झोपलो, श्वास सोडला, "हां" म्हणालो. पोटावर काहीतरी गार टेकल्यासारखं झालं, बस्स. पुढची काही वर्षं प्रत्येक दसऱ्याला आम्ही दोघं तो खेळ करत आलो.

मग छप्पनचा दसरा आला. आदल्या आठवड्यात सुखदेव म्हणाला, "या दसऱ्याले मी नसन. नागपूरले चाललो. माय, बाबा, सारेच." का, हे मी विचारलं नाही, सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक होतं. वस्तादांना मी सरळ सांगून टाकलं, की सुखदेव नाही तर मीही नाही. दुसरा एक गडी तलवार घ्यायला तयार होता, चांगल्या हाताचा होता, पण मी ऐकलं नाही. त्या वर्षी तलवारीचा खेळ झालाच नाही. सुखदेव परत आला तो पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, आणि आला तसा आंघोळीच्या दगडाजवळचा लोटा उचलून पिशवीत टाकला. "आता हा घरीच राहीन," म्हणाला. "पानी प्यालो त माठाचंच पीन, नाई त तहानेला राहीन." कितीतरी दिवस तो तहानलेला राहिला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शेवटी एका सकाळी वस्तादांनी स्वतः माठात गडवा बुडवला आणि त्याच्या हातात दिला. दोनचार सभासदांनी येणं बंद केलं. वस्ताद म्हणाले, "तेवढीच मोकळी हवा येईन."

खरा पेच पुढच्या दसऱ्याला पडला. खेळाआधी शस्त्रांची पूजा व्हायची आणि तलवार घेणाऱ्याने पात्याला कुंकू लावायचं असा रिवाज. सुखदेव म्हणाला, कुंकू मी लावणार नाही, मी शब्द देऊन आलोय. व्यायामशाळेच्या कमिटीत वाद पेटला. एक वजनदार सभासद होते. ते वस्तादांच्या तोंडावर म्हणाले, "तो आता आपल्यातला राहिला नाही. त्याच्या हातात नंगी तलवार आणि खाली वकिलाचं पोरगं! उद्या काही झालं म्हणजे?" कुणी म्हणालं, "होते काय! दोस्तच दोस्ताची पट्टी बांधते, सैलच बांधत असन. सारं नाटक हाय." आता सांगा, ज्या दोघांपैकी एकाने कसून बांधल्याशिवाय तलवार उचलली नव्हती, त्यांच्यावर हा आळ! मी उसळलो. सुखदेवने माझा हात दाबला आणि म्हणाला, "मंग वस्तादाइनं बांधावी. साऱ्याइच्या समोर." शेवटी असं ठरलं, की पूजा वस्ताद करतील आणि त्या वर्षापुरती पट्टीही तेच बांधतील. म्हणजे कुणाला बोलायला जागा नको.

घरी वडिलांनी मला समोर बसवलं. त्यांना सुखदेवची जात आड येत होती, असं मी म्हणणार नाही. आड येत नव्हती, असंही म्हणणार नाही. त्यांचा मुद्दा वेगळा होता. "तुझा त्याच्यावर विश्वास आहे. कशाच्या आधारावर?" मी म्हणालो, इतक्या वर्षांच्या. ते म्हणाले, "इतकी वर्षं तो चिडलेला नव्हता. आता त्याच्या समाजाबद्दल गावात काय काय बोललं जातं आहे ते तो रोज ऐकतो. माणूस बदलतो. तुझा पुरावा जुना आहे." मी म्हणालो, "पुरावा हवा असेल तर मग विश्वास कशाला हवा?" ते हसले. "हे कॉलेजात ठीक आहे. पोट फाटल्यावर टाके घालावे लागतात." मी उठलो. त्यांनी मला अडवलं नाही, हे मात्र त्यांच्या बाजूने लिहून ठेवलं पाहिजे. उलट खेळाला ते स्वतः आले आणि पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले.

त्या दिवशी मैदानात एरवीपेक्षा कितीतरी जास्त माणसं होती. खेळ बघायला थोडी, काय होतं ते बघायला बरीच. मैदानाच्या एका कडेला सुखदेवच्या वस्तीतली माणसं एकत्र उभी होती. मी सदरा काढून झोपलो. वस्तादांनी सुखदेवच्या आईची ती पट्टी त्याच्या डोळ्यांवर बांधली आणि दोन्ही हात त्याच्या डोक्यावर क्षणभर ठेवले. मग त्याला माझ्याशेजारी आणून उभं केलं, आणि मी पातं धरून काकडीवर टेकवून दिलं. ताशा थांबला. मी रिवाजाप्रमाणे डोळे मिटले. मी श्वास सोडत गेलो, पार तळापर्यंत, आणि म्हणालो, "हां." नेहमी लगेच येणारं पातं त्या दिवशी लगेच आलं नाही. अगदी जरासा उशीर झाला. श्वास घ्यावासा वाटला, घेतला नाही. मग पोटावर तोच ओळखीचा गार स्पर्श आणि पाठोपाठ टाळ्या. सुखदेवने पट्टीची गाठ सोडली नाही. तशीच डोक्यावरून काढून खिशात कोंबली, मला हात देऊन उठवलं आणि माझं पोट तळहाताने पुसून पाहिलं. त्याचा हात घामाने भिजलेला होता. आधी कधीच नसायचा.

घरी परतताना वडील म्हणाले, "पट्टी सैल होती." मी थांबलो. "मी पहिल्या रांगेत होतो. नाकापाशी फट होती. मान थोडी मागे झाली असती तर त्याला तुझं पोट दिसलं असतं. झाली का, ते मला सांगता येत नाही, कारण त्याच वेळी मी तुझ्याकडे पाहिलं." एवढं बोलून ते पुढे चालू लागले. मी रात्रभर तळमळलो आणि उजाडताच वस्तादांकडे गेलो. ते मुद्गलांना तेल चोळत बसले होते. मी विचारलं तसे त्यांनी मान खाली घातली. "हाओ. सैल बांधली. मले भेव वाटलं गड्या. तुह्यासाठी नाई, त्याच्यासाठी. तुले जराशी खरोच जरी आली असती, त लोकायनं त्याले जित्ता सोडला नसता. मले वाटलं, पाहून मारन, वाचन लेकरू." मग हळूच म्हणाले, "त्याच्या ध्यानात आलं. माह्याकडे मान फिरवली होती त्यानं. बोलला काई नाई."

बोलणार तरी कसा? सगळ्या गावासमोर "वस्ताद, पट्टी सैल आहे" म्हणायचं, म्हणजे ज्या माणसाने त्याला आखाड्याची माती दिली, पाणी दिलं, त्याला खोटं पाडायचं. तलवार खाली ठेवली असती तर "घाबरला" म्हणून हसायला अर्धं मैदान टपलेलं होतंच. म्हणजे त्याच्यापुढे दोनच वाटा राहिल्या. फटीतून बघायचं आणि इतकी वर्षं सांभाळलेला शब्द मोडायचा, किंवा पट्टीच्या आत आपले आपण डोळे मिटून घ्यायचे आणि माझ्या "हां"वर हात टाकायचा. त्या जराशा उशिरात त्याने यातलं काय केलं? मी डोळे उघडे ठेवले असते तर खालून मला दिसलं असतं. पण माझेही मिटलेले होते. वडील म्हणाले, "विचार त्याला. दोस्त आहे ना? दोस्ताला विचारायला काय लागतं?" आणि मी म्हणालो, "नाही विचारणार." तेव्हा ते नुसतं चिडून म्हटलं होतं. पुढे मात्र तो माझा निश्चय झाला.

तो आमचा शेवटचा खेळ. सुखदेवला अकोल्याच्या एका शाळेत ड्रिल मास्तरची नोकरी लागली, काही दिवसांनी मीही अकोल्याच्या कॉलेजात लागलो. वस्तादही फार जगले नाहीत. अकोल्यात आमची घरं चालत जाण्याच्या अंतरावर होती आणि संध्याकाळी मोर्णा नदीच्या काठाने फिरायचं हा नेम. सुखदेवची एक पद्धत होती. दारात येऊन फक्त "चाल" म्हणायचा आणि मी चपला घालायचो. कुठे, कशाला, हे विचारायचं नाही. एका उन्हाळ्यात भर दुपारी असाच आला आणि मला एसटीत बसवून निघाला. अकोट मागे पडलं तरी हा गप्प. हिवरखेडला उतरलो, एका घरात गेलो, पाटावर बसलो, समोर चहापोहे आले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा मुलगी बघायला आलाय आणि त्याच्याकडचा वडीलधारा म्हणून मला आणलंय! धोतराऐवजी घरातला मळका पायजमा घालून बसलेला वडीलधारा. मुलगी, रत्नमाला, शिक्षिकेची परीक्षा पास झालेली, चांगली खमकी. तिने त्याला काही विचारलंच नाही. सरळ माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, ह्याइच्यावर भरोसा ठेवता येईन का?" मी जरा ऐटीत म्हणालो, "मी याच्या तलवारीखाली पोट दिलं आहे." ती म्हणाली, "तुमी वर्षातून एक डाव पोट देलं. मले रोजच्या रोज जिंदगी द्याची हाय." घरातली म्हातारीकोतारी माणसं सुद्धा हसली. सुखदेव लाजून लालबुंद झाला होता. लग्न ठरलं, आणि परतीच्या गाडीत मी त्याला वऱ्हाडीतून जितक्या शिव्या येत होत्या तितक्या दिल्या.

विश्वासावर आमची खूप भांडणं झाली. मी वर्गात जे शिकवायचो ते तो काठावर बसून मोडून काढायचा. एकदा मी म्हणालो, जिथे बघायची सोय नाही तिथे माणसाला विश्वास ठेवावाच लागतो. तो एकदम म्हणाला, "छे! ज्याले पायताच येत नाई त्याचं न पायनं कायचं? पायता येत असून नाई पायलं, त थो भरोसा." हा त्या दसऱ्याबद्दल बोलतोय का? प्रश्न अगदी ओठावर आला होता. त्याच्या तोंडाकडे पाहिलं तर तो नदीत खडे मारत होता. मी प्रश्न गिळला. मी तर्कशास्त्र शिकवतो, पुराव्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू नका असं पोरांना रोज सांगतो, आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मी पुराव्याशिवाय धरून बसलो होतो. विचारलं असतं तर त्याने खरं तेच सांगितलं असतं, याची मला खात्री होती. म्हणूनच विचारायचं नव्हतं. "मी डोळे मिटले होते" असं तो म्हणाला असता, की त्या क्षणापासून मी त्याच्यावर नाही, त्याच्या उत्तरावर विसंबलो असतो. आणि "पाहिलं" म्हणाला असता तर? तर काय, तरीही तो सुखदेवच होता. मग विचारायचं कशाला? वडिलांना हे कधीच पटलं नाही. ते म्हणायचे, तू घाबरतोस. मी स्वतःला तपासून पाहिलं आहे, पुन्हा पुन्हा. भीती नव्हती ती.

पुढे तो परीक्षा देऊन शाळा तपासनीस झाला आणि धारणीला त्याची बदली झाली. मेळघाटातल्या शाळा, म्हणजे कुठे जीप, कुठे बैलगाडी, कुठे नुसते पाय. मी म्हटलं, बदली रद्द करून घे, ओळखी आहेत. तो म्हणाला, "थ्या पोराइनं कोनाची ओळख लावा?" शेवटची भेट अकोल्याच्या एसटी स्टँडवर झाली. रत्नमाला वहिनी आणि मुलं आत बसली होती, तो खिडकीतून डोकं बाहेर काढून बोलत होता. गाडी सुरू झाली तसं त्याने विचारलं, "काई राहिलं काय बे, महाराज?" मी म्हणालो, "काही राहिलं नाही. जा." खरंच काही राहिलं नव्हतं. आज हे लिहिताना डोळे भरून येतात, पण ते वाक्य मला मागे घ्यावंसं वाटत नाही.

गेल्या आठवड्यात हिवरखेडला गेलो. वहिनी मुलांना घेऊन सध्या भावाकडे आहेत, तिथल्याच शाळेत अर्ज केला आहे. पूर्वी जिथे चहापोहे झाले त्याच खोलीत बसलो. मग त्या आत गेल्या आणि ती पट्टी घेऊन आल्या. रंग विटलेला, आईची दुहेरी शिवण मात्र शाबूत. आणि गाठ तशीच... त्या दसऱ्याची, वस्तादांनी मारलेली. सुखदेवने ती कधी सोडलीच नव्हती. वहिनी म्हणाल्या, "हे तुमच्यापाशी राहू द्या, भाऊजी. थ्या दसऱ्याचं त्याइनं मले सांगतलं होतं. वस्तादानं सैल बांधली होती, अन् मंग त्याइनं..."

"वहिनी," मी म्हणालो, "राहू द्या."

त्या थांबल्या. आणि मग, त्या घरात इतक्या दिवसांत कुणी हसलं नसेल, पण त्या हसल्या. पदराने डोळे पुसत हसल्या. "मी त्याइले कितीक डाव म्हणलं, महाराजाइले एक दिवस सांगून टाका. त म्हनत, सांगून पाय त्याले. थो आयकनारच नाई."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. पट्टी सैल होती हे मला कळलंय, हेही ठाऊक होतं. मी इतकी वर्षं विचारत नाही, हेही. मोर्णेकाठी खडे मारताना, स्टँडवर खिडकीतून डोकं काढताना, त्याने मला बघितलं होतं आणि तोही बोलला नव्हता. माझ्या गप्प राहण्यावर त्याने हात टाकला होता. पट्टी पिशवीत घातली आणि एसटीत ती पिशवी मांडीवर धरून, अकोल्यापर्यंत बाहेर बघत बसलो.

घरी आल्यावर दार लोटून पट्टी टेबलावर ठेवली. गाठ शाबूत होती, म्हणजे तेव्हाचा सैलपणाही शाबूत होता. डोक्यावरून ओढून घेतली असती, मान जरा मागे केली असती, तर फटीतून किती दिसतं आणि किती नाही, याचा निकाल लागला असता. मीच घातली नाही. नखांनी गाठ उकलायला बसलो. इतक्या वर्षांत ती अगदी घट्ट बसली होती, बोटं दुखून आली. वडिलांना कळलं तर म्हणतील, पुरावा नष्ट केलास. हो, केला. शेवटचा पीळ सुटत आला तेव्हा लक्षात आलं, की मघापासून मी श्वास सोडत आलोय, पार तळापर्यंत, आणि मग त्या रिकाम्या खोलीत माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं... "हां."